विमानतळाआधीचे पान

काही वर्षांपूर्वी युरोपातून आलेल्या एका जोडप्याने मला दोन पाने वाचून दाखवायला सांगितली. महाराष्ट्रातल्या एका संस्थेतून त्यांनी दीड वर्षाची मुलगी दत्तक घेतली होती. ती आता अकरा वर्षांची होती. पाने म्हणजे संस्थेच्या रोजच्या नोंदवहीची छायाप्रत. घाईघाईच्या अक्षरातले मराठी. दूध किती घेतले, वजन किती भरले, ताप होता की नव्हता, टाळूला तेल घातले. एका तारखेखाली लिहिले होते : 'रात्री फार रडली. मावशींनी जवळ घेतले.'

त्यांच्याजवळ याच पानांचे जुने इंग्रजी भाषांतर होते. त्यात 'मावशीं'च्या जागी 'आईची बहीण' आली होती. शब्दकोश उघडला तर भाषांतरकाराची चूक सापडणार नाही. पण त्या एका शब्दावर त्या घराने नऊ-दहा वर्षे एक गोष्ट सांभाळली होती. मुलीला जन्म देणारी बाई कोण ते कळत नाही, पण तिला एक बहीण होती, ती रात्रीची संस्थेत येई आणि रडणाऱ्या भाचीला जवळ घेई. मुलगी त्या मावशीसाठी चित्रे काढून ठेवत असे.

संस्थेत, शाळेत, इस्पितळात कामाला असलेल्या बाईला आपल्याकडे मावशी म्हणतात, हे मला सांगावे लागले. दोघेही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वडिलांनी विचारले, 'म्हणजे तिचे कुणीच नव्हते?' मी म्हटले, 'मावशी होत्या.' हे उत्तर बरोबर होते. पुरेसे होते की नाही, याचा विचार मी अजून करते आहे. या लेखाचे निमित्त तेच.

एका देशात जन्मून दुसऱ्या देशात दत्तक गेलेल्या मुलांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपापल्या कहाण्या लिहिल्या, चित्रित केल्या. त्या बहुधा जन्मदात्या आईच्या शोधाच्या कहाण्या म्हणून वाचल्या जातात, आणि मिठी पडली की वाचकाचे पुस्तक संपते. मला त्यातल्या तीन कलाकृती दुसऱ्या एका प्रश्नासाठी पुन्हा पाहाव्याशा वाटल्या. मुलाचे पहिले दिवस दत्तक घराला मिळतात ते कागदावर, परक्या भाषेतून, कुणीतरी कुणाच्यातरी सोयीसाठी लिहिलेले. तो कागद चुकीचा निघाला तर ते घर काय करते? दुरुस्त वाचन ऐकून घेण्याची त्याची किती तयारी असते? या तीन कलाकृतींची प्रतवारी मला याच कसोटीवर करावीशी वाटते. तिन्हींत चूक नावात आहे, हा योगायोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पहिली कलाकृती म्हणजे डीॲन बोर्शे लीम यांचा 'फर्स्ट पर्सन प्लुरल' हा २००० सालचा अनुबोधपट. १९६६ मध्ये आठ-नऊ वर्षांची डीॲन दक्षिण कोरियातून कॅलिफोर्नियातल्या बोर्शे कुटुंबात आली. हे कुटुंब त्याआधीपासून तिथल्या अनाथालयातल्या चा जुंग ही नावाच्या मुलीसाठी पैसे पाठवत होते. पुढे त्यांनी तिला दत्तक घ्यायचे ठरवले. पण सगळे कागद तयार होत असतानाच चा जुंग हीचे वडील येऊन तिला घरी घेऊन गेले. अनाथालयाने तिच्या नावावर दुसरी मुलगी धाडली. तिचे खरे नाव कांग ओक जिन. तिची आई आणि भावंडे कोरियात हयात होती. आपण कोण हे कुणाला सांगायचे नाही, अशी तिला ताकीद होती.

इंग्रजी बोलता यायला लागल्यावर तिने अमेरिकन आईला सांगून टाकले : मी चा जुंग ही नाही, माझी आई आहे, भावंडे आहेत. आईने तिला प्रेमाने समजावले की ही स्वप्ने आहेत, कागद बघ, तुझे आईवडील नाहीत. या प्रसंगात कुणीही दुष्ट नाही. एक आई भेदरलेल्या मुलीची समजूत घालते आहे. तरीही या विषयावरच्या साऱ्या साहित्यात मला याहून भयंकर प्रसंग माहीत नाही. मुलीची साक्ष आणि कागदाची साक्ष समोरासमोर आल्या आणि कागद जिंकला. त्यानंतर मुलगी कोरियन भाषा विसरली आणि आपल्या आठवणींना स्वतःच स्वप्ने म्हणू लागली. मोठेपणी स्वतःच्या फाइलमध्ये तिला दोन छायाचित्रे सापडली. दोन्हींवर चा जुंग ही हेच नाव होते, आणि त्यांतली एक मुलगी ती नव्हती.

चित्रपटात वडिलांनी घरगुती कॅमेऱ्याने घेतलेली जुनी दृश्ये भरपूर वापरली आहेत. त्यांत मुलीचे विमानतळावर येणे आहे, नवे कपडे आहेत, वाढदिवस आहेत. या घराचा इतिहास तिथून सुरू होतो. विमानतळावरच्या त्या दिवसाविषयी बहीण हसत आठवण सांगते : आधी आम्ही चुकून दुसऱ्याच मुलीकडे गेलो होतो, पण त्याने काय बिघडले, त्यांतली एक आमची होतीच. अदलाबदल कळल्यावर आईची प्रतिक्रियाही याच सुरातली आहे : नाव काय असेल ते असो, तू डीॲन आहेस आणि माझी आहेस.

हे दोन्ही उद्गार मायेने भरलेले आहेत, आणि दोन्हींत ती मुलगी नेमकी कोण हा प्रश्न पुसला जातो. दिग्दर्शिकेचा मोठेपणा असा की तिने ते जसेच्या तसे ठेवले. त्यांच्यावर निवेदनातून टीका केली नाही आणि त्यांची सफाईही दिली नाही. आपल्यावर निरपवाद प्रेम करणाऱ्या माणसांनी आपल्याला ऐकलेच नाही, हे पडद्यावर दाखवायचे आणि त्यांचे प्रेम कुठेही खोटे ठरू द्यायचे नाही, हे अवघड काम आहे.

चित्रपटाच्या नावाकडे मी मराठी वाचक म्हणून पुन्हा पुन्हा वळते. प्रथमपुरुषी अनेकवचन. इंग्रजीत त्यासाठी एकच शब्द पुरतो. हिंदीतही 'हम' म्हणून भागते. मराठीत मात्र निवड करावी लागते : 'आम्ही' की 'आपण'? ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचे की आत घ्यायचे? गुजराती, तमिळ, तेलुगू, मलयाळम वाचकांनाही ही निवड ठाऊक आहे. 'त्यांतली एक आमची होतीच' या वाक्यात 'आपली' म्हणता येणार नाही, कारण जिच्याविषयी बोलणे चालले आहे ती अजून त्या अनेकवचनात नाही. पुढे डीॲन अमेरिकन आईवडिलांना घेऊन कोरियात जाते. जन्मदात्या आईच्या घरच्या माणसांत ते बसतात, बोलणे दुभाष्यामार्फत चालते. आपल्या मनात दोन आयांना एकदम जागा नव्हती, असे तिने आधी सांगितलेले असते. खोलीत दोघी समोरासमोर असतात आणि चित्रपट जणू 'आम्ही'कडून 'आपण'कडे जायची वाट चाचपत राहतो. ती वाट पूर्ण होत नाही. वडीलधाऱ्या अमेरिकन जोडप्याचे त्या खोलीतले अवघडलेपण, पाहुण्यासारखे नीट बसणे, समजत नसलेल्या भाषेकडे कान लावणे हे मला या चित्रपटाचे खरे मर्म वाटते. मुलीच्या आयुष्याच्या ज्या भागात आपण नव्हतो, त्या भागात ते पहिल्यांदा येऊन बसलेले असतात.

दहा वर्षांनी, २०१० मध्ये, लीम यांनी 'इन द मॅटर ऑफ चा जुंग ही' केला. या वेळी त्या आईला शोधत नाहीत, जिचे नाव आपण वापरले तिला शोधतात. अमेरिकन कुटुंबाने चा जुंग हीसाठी पाठवलेले बूट घालून त्या विमानात बसल्या होत्या. ते बूट त्यांनी जपून ठेवले आहेत. त्या नावाच्या एकेका बाईला भेटत त्या कोरियात हिंडतात. कल्पना अशी की बूट जिचे तिला द्यावेत. चुकीच्या कागदाची दुसरी बाजूही एक माणूसच असते, तिच्याही वाट्याचे काहीतरी आपल्याकडे राहिलेले असते, हे मला इतक्या साध्या वस्तूतून दुसऱ्या कुणी दाखवलेले आठवत नाही.

दुसरी कलाकृती महाराष्ट्राशी थेट जोडलेली आहे, आणि तरी मराठीत तिची फारशी चर्चा माझ्या वाचनात आलेली नाही. आशा मिरो १९६७ साली नाशिकच्या परिसरातल्या एका खेड्यात जन्मल्या. नाशिकच्या अनाथालयातून त्या मुंबईत जोगिणींच्या संस्थेत आल्या आणि १९७४ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, बार्सिलोनातल्या एका जोडप्याने त्यांना दत्तक घेतले. १९९५ मध्ये त्या स्वयंसेविका म्हणून मुंबईत आल्या, आपल्याला ओळखणाऱ्या जोगिणींना भेटल्या, नाशिकलाही गेल्या. त्या प्रवासावरचे 'ला फिल्या देल गांजेस' म्हणजे 'गंगेची लेक' हे कॅटलान भाषेतले पुस्तक २००३ मध्ये आले. त्याच वर्षी त्या पुन्हा भारतात आल्या आणि त्या प्रवासातून २००४ मध्ये दुसरे पुस्तक झाले. इंग्रजीत ही दोन्ही २००६ मध्ये एका पुस्तकात एकत्र आली. मी ती इंग्रजीतूनच वाचली. माझ्या मातृभाषेच्या मुलखात घडलेली गोष्ट मला दोन युरोपीय भाषा ओलांडून मिळाली, हे या विषयाला साजेसेच झाले.

पहिल्या पुस्तकात लेखिकेने आपल्या प्रकरणांच्या मध्ये दत्तक आईच्या रोजनिशीतले उतारे घातले आहेत. रचनेच्या दृष्टीने हा या पुस्तकाचा सर्वांत चांगला निर्णय आहे. आई लिहिते ते बार्सिलोनातल्या दिवसांविषयी, नव्या घरात मुलीच्या रुळण्याविषयी. लेक लिहिते ती वीस वर्षांनी मुंबईच्या रस्त्यांवर, जोगिणींच्या आठवणींतून, त्याच्या आधीचे दिवस गोळा करत. आईची वही जिथे सुरू होते त्याच्या मागे लेक चालत जाते आणि दोन्ही हस्ताक्षरे एकाच पुस्तकात शेजारी राहतात. आईला माहीत नसलेले लेकीला सापडते आणि लेकीला आठवत नसलेले आईच्या वहीत असते. दोघींपैकी कुणीही एकटी ही गोष्ट सांगू शकली नसती.

पण पहिल्या पुस्तकात जे हाती आले ते जोगिणींना जेवढे ठाऊक होते तेवढेच. दुसऱ्या प्रवासात लेखिकेला सख्खी थोरली बहीण भेटते, आणि त्या बहिणीचे नाव आशा असते. लेखिकेचे स्वतःचे मूळ नाव उषा. जे नाव घेऊन ती स्पेनला गेली, जे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे, ते बहिणीचे होते. रोमन लिपीत या दोन नावांत एका अक्षराचा फरक आहे. कुणालाही तो टंकलेखनाचा दोष वाटावा. देवनागरीत 'आ'चा 'उ' होतो, 'श'चा 'ष' होतो आणि माणूसही बदलते. दोघी बहिणी समोरासमोर येतात तेव्हा त्यांना सामाईक भाषा उरलेली नसते. एकीची मराठी तशीच आहे, दुसरीची गेलेली.

हे कळल्यावर पहिले पुस्तक अपुरे ठरते. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त करून घेणे सोपे होते. मिरो यांनी तसे केले नाही. इंग्रजी प्रतीत आधीचे, अर्धवट माहितीवर लिहिलेले पुस्तक तसेच आहे आणि त्याला खोडून काढणारे त्याच्या पाठोपाठ आहे. वाचकाने पहिल्या भागात जे खरे मानले ते दुसऱ्या भागात त्याला सोडून द्यावे लागते. दत्तक घराला हेच करावे लागते, म्हणून मला ही रचना प्रामाणिक वाटते. पुस्तकात दोष नाहीत असे नाही. भारताची वर्णने अनेकदा रंग, गंध आणि गर्दी यांच्या ठरीव खुणांवर थांबतात. शेतकरी कुटुंबाला मुलगी का सोडावी लागली याच्या आर्थिक बाजूत लेखिका फार खोल जात नाही. आणि मागे राहिलेल्या बहिणीचे आयुष्य आपल्याला लेखिकेच्या भावनेतूनच दिसते. ती बहीण स्वतः लिहील तर ते तिसरे पुस्तक होईल, आणि ते मराठीत असेल.

शीर्षकाविषयी एक गोष्ट. नाशिकला गोदावरी आहे. मग गंगेची लेक कशी? परदेशी वाचकाला गंगा म्हणजे भारत, म्हणून प्रकाशकाने सोय पाहिली असेल, असा संशय मराठी वाचकाला येईल. मलाही आला. पण नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतात. 'गंगेवर जाऊन येतो' म्हणणारा नाशिककर रामकुंडाकडे निघालेला असतो. म्हणजे बार्सिलोनातल्या वाचकाला जे ढोबळ वाटावे ते नाशिकच्या बोलीत तंतोतंत खरे आहे. 'मावशी'च्या बाबतीत कोशातला अर्थ फसवा निघाला होता. इथे फसवा वाटणारा शब्द स्थानिक अर्थाने वाचवला. दोन्ही वेळा निकाल दिला तो गावाने.

तिसरी कहाणी सर्वांना ठाऊक आहे. सरू ब्रायर्ली यांचे 'अ लाँग वे होम' हे पुस्तक २०१३ मध्ये आले आणि गार्थ डेव्हिस यांनी त्यावर केलेला 'लायन' २०१६ मध्ये. खांडव्याचा पाच वर्षांचा मुलगा बुरहानपूरच्या स्टेशनवर भावापासून चुकला, आगगाडीने कोलकात्याला पोहोचला आणि १९८७ मध्ये टास्मानियात होबार्टच्या एका घरात दत्तक गेला. पंचवीस वर्षांनी त्याने उपग्रहाच्या नकाशांवरून आपले गाव शोधले. इथेही कागदावरचे नाव चुकीचे होते. तो शेरू होता. आपली वस्ती तो सांगत असे ती कुठल्याच नकाशात नव्हती, कारण लहान जिभेने 'गणेश तलाई'चे जे केले होते ते कुणाला ओळखू येण्यासारखे नव्हते. बुरहानपूरचेही तसेच झाले होते.

चित्रपटाने आपल्याला संगणकासमोर रात्री जागवणारा तरुण दाखवला, आणि ते दृश्य लक्षात राहिले. मला मात्र पुस्तकातला एक लहानसा तपशील अधिक मोलाचा वाटतो. मुलगा होबार्टला आल्यावर थोड्याच काळात त्याने आईला आपल्या घराची वाट सांगितली आणि आईने ती वहीत काढून ठेवली : घर, नदी, पूल, स्टेशन. मुलाच्या खोलीच्या भिंतीवर तिने भारताचा नकाशा लावला होता. डीॲनच्या आईने जे केले त्याच्या नेमके उलटे हे आहे. इथे कागदाहून मुलाचे बोलणे मोठे ठरले. नावे चुकली असतील, पण नदी, पूल आणि स्टेशन यांचा एकमेकांशी असलेला संबंध बिनचूक होता, आणि पुढे पडद्यावर गाव ओळखू आले ते याच खुणांवरून. सू ब्रायर्ली यांना तेव्हा या वहीचा काही उपयोग होईल असे वाटण्याचे कारण नव्हते. मुलगा सांगतो आहे तर लिहून घ्यावे, एवढेच. दत्तक आईने चांगले वाचक कसे असावे, याचे हे सर्वांत साधे उदाहरण.

'लायन'वर माझा आक्षेप त्याच्या भावुकतेला नाही. त्याच घरात कोलकात्याहून आणलेला दुसरा मुलगा होता. त्याच्या कागदांना फार वेळ लागला आणि त्या काळात त्याने जे सोसले त्याचा नकाशा कुणालाच काढता आला नाही. चित्रपट त्याला रागाची, स्वतःला मारून घेण्याची काही दृश्ये देतो आणि पुढे सरकतो. सापडण्याजोगी सुरुवात असलेला मुलगा नायक होतो. ज्याची सुरुवात सांगताच येत नाही तो त्याच्या कहाणीतली अडचण होतो. पुस्तक या बाबतीत चित्रपटापेक्षा प्रांजळ आहे. शोध यशस्वी झालेल्यांच्याच कहाण्या छापल्या जातात, आणि त्यामुळे दत्तक घरांना वाटू लागते की पुरेसा प्रयत्न केला तर प्रत्येक मुलामागे एक गणेश तलाई सापडेल. तसे नसते.

या तिन्ही कहाण्यांच्या मुळाशी जी फाइल आहे तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी एक लेखनप्रकार म्हणून पाहायला हवे. तिची भाषा बहुधा कर्मणी असते : मूल आढळले, ताब्यात घेण्यात आले, नाव ठेवण्यात आले. कुणी ठेवले, कुणी सोडले, कुणी पाहिले, हे कर्ते वाक्यातून गळालेले असतात. वाचक आधीच ठरलेला असतो : परदेशातले न्यायालय, परदेशातले घर. ज्याच्याविषयी लिहिले आहे तो आपला वाचक होईल, अशी कल्पना लिहिणाऱ्याच्या मनात नसते. आणि वीस-पंचवीस वर्षांनी नेमका तोच वाचायला येतो.

कधी ही भाषा केवळ तोकडी असते, कधी जाणूनबुजून खोटी. २०२५ च्या मार्चमध्ये दक्षिण कोरियाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने परदेशी दत्तकविधानांच्या चौकशीत राज्यसंस्थेची जबाबदारी मान्य केली. आईवडील हयात असलेल्या मुलांची अनाथ म्हणून नोंद झाली, ओळखी बदलल्या गेल्या, एका मुलाच्या जागी दुसरे पाठवले गेले, असे आयोगाने म्हटले. 'फर्स्ट पर्सन प्लुरल' पाहताना जी एका घराची विचित्र कथा वाटली होती, ती पंचवीस वर्षांनी एका पद्धतीचा पुरावा ठरली. कलाकृतीने आयोगाच्या आधी साक्ष देऊन ठेवली होती.

आपल्याकडे मिरो गेल्या तेव्हा, १९७४ मध्ये, परदेशी दत्तकासाठी देशव्यापी अशी नियमावली नव्हती. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती घालून दिली. मुलाविषयीचा सविस्तर अहवाल तयार करणे आवश्यक झाले. पुढे 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा आली. आजच्या नियमांत दत्तक व्यक्तीला आपली पाळेमुळे शोधण्याची मुभा आहे, पण तिऱ्हाइताला तिच्या वतीने तसा शोध घेता येत नाही, आणि या हक्कामुळे जन्मदात्यांच्या खासगीपणाचा भंग होता कामा नये, अशी अट आहे. ही अट मला रास्त वाटते. मूल कुणालाही न कळू देता सोपवून गेलेली बाई आज कुठल्या घरात, कुणाची सासू म्हणून राहत असेल, हे शोधणाऱ्याला ठाऊक नसते. तिन्ही कलाकृतींत जन्मदात्यांनी स्वतः लिहिलेले एकही पान नाही. त्यांचे मौन आपण ज्या सहजतेने मायेत भाषांतरित करतो, ते भाषांतरही एकदा तपासून पाहायला हवे.

म्हणून मी माझ्यापुरती कसोटी अशी ठरवली आहे. या विषयावरचे चांगले लेखन चुकीचे भाषांतर लपवत नाही. ते दुरुस्तीच्या शेजारी राहू देते. ते दत्तक घराला खलनायक करत नाही की पुण्यवान ठरवत नाही. ते त्याला वाचक मानते आणि तो वाचक किती ऐकतो ते पाहते. आणि आधीच्या दिवसांतल्या लहान माणसांना, म्हणजे अनाथालयातली बाई, जोगीण, नावाची अदलाबदल झालेली दुसरी मुलगी यांना, ते नातेवाइकांच्या यादीत बसत नाहीत म्हणून गाळत नाही. लीम यांचे दोन्ही चित्रपट या कसोटीला पूर्ण उतरतात. मिरो यांची पुस्तके रचनेत उतरतात, तपशिलात थोडी कमी पडतात. 'लायन' चित्रपट नापास होतो. पण ज्या पुस्तकावर तो बेतला आहे त्यातले आईच्या वहीचे एक पान त्याला वाचवण्याइतके मोलाचे आहे.

त्या जोडप्याची गोष्ट अर्धी राहिली. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मुलीला काय सांगायचे यावर रात्रभर बोलल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. आईने विचारले, 'जिचे नातेच नाही तिला तुम्ही आईची बहीण का म्हणता?' मी म्हटले, 'परक्या बाईला नावाने हाक मारणे आमच्याकडे उद्धट समजतात, म्हणून नाते लावतो. त्यात पगार घेणाऱ्या बाईकडून फुकटची माया मागण्याची सोयही असते, हेही खरे. पण त्या रात्री बाळ रडत होते आणि कुणीतरी उठले, एवढे या पानावर पक्के आहे. ते उठणारे कोण होते हे लिहिणाऱ्याने गाळले नाही.' त्यांनी मला नवे भाषांतर करून मागितले. मी 'मावशी' हा शब्द तसाच ठेवला आणि खाली तीन ओळींत त्याचा अर्थ लिहिला. जुने भाषांतर टाकून देऊ का, असे वडिलांनी विचारले. मी नको म्हटले. मुलीने दहा वर्षे ज्या मावशीसाठी चित्रे काढली ती त्याच कागदात होती. दोन्ही कागद एकाच पाकिटात घालून ते गेले.